पासिंगपुरते टायर

बँकेत असताना एका तरुणाला मी प्रवासी गाडीसाठी कर्ज मंजूर केले होते. कर्ज केव्हाच फिटले, ओळख राहिली. त्याची सध्याची टेम्पो ट्रॅव्हलर १२ वर्षांची आहे. यात्रेला निघाली की मागे शेगडी, भांडी, वळकट्या. चालते घरच म्हणा ना!

प्रवासी वाहनाने ८ वर्षे ओलांडली की दरवर्षी पासिंग. यंदा त्या तयारीत मीही गॅरेजात जाऊन बसलो. ब्रेक, दिव्यांचा झोत, वायपर, परावर्तक पट्ट्या, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, विमा, पीयूसी... सारे जमले. मागचे टायर मात्र पार गुळगुळीत.

मिस्त्री सहज म्हणाला, ‘‘पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे चढवू. संध्याकाळी काढून देऊ.’’

मी गप्प राहिलो. तपासनीस येणार म्हटल्यावर रातोरात फायली कशा सजतात, हे मला ठाऊक होते. मीही सजवल्या होत्या. पण तिथे फार तर शेरा मिळे. इथे पुढे सप्तशृंगी गडाचा घाट होता. २००८ साली त्याच घाटात भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक माणसे गेली.

गाडीवाला टायरवरून हात फिरवत म्हणाला, ‘‘साहेब, परवा गडाचीच भाडी आहे. लेकरं आहेत त्यात. नवेच घेतो.’’

पैसे पुरेसे नव्हते. टायरवाल्याने जामीन मागितला, मी राहिलो.

पेठ रोडच्या आरटीओत गाडी पास झाली. नोकरीत इतक्या निर्धास्तपणे मी कुठल्याच कर्जावर सही केली नव्हती.