सगळीच औषधं पास? मग काइनेज तपासा!

काइनेज म्हणजे एटीपीमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या रेणूला जोडणारं एन्झाइम. एबीएल नावाचं काइनेज बिघडून सतत चालूच राहिलं, की सीएमएल हा रक्ताचा कर्करोग होतो. त्याला अडवणाऱ्या इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली.

अशी औषधं लॅबमध्ये तपासायला रिकॉम्बिनंट काइनेज लागतं. माणसाचं जनुक कीटकांच्या पेशींत घालून ते बनवतात आणि उणे ८० अंशांवर ठेवतात. मी एकदा एकच ट्यूब पुन्हापुन्हा वितळवली, गोठवली. मग काय, प्रत्येक औषध ‘यशस्वी’! खरं तर काइनेजच निकामी झालं होतं. म्हणून सांगतो, औषध न घातलेली ट्यूब आधी बघा. तिथे काइनेज काम करत असेल, तरच बाकीच्या निकालांना अर्थ.