पहिली कॅसेट लक्षात का राहते?
स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली तबकडी किंवा कॅसेट अनेकांना आयुष्यभर आठवते. मोजक्या पैशांत एकच संच निवडावा लागे आणि तोच पुन्हा पुन्हा ऐकला जाई. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण ३ मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. १९४८ मध्ये एलपीने ही मर्यादा २० मिनिटांच्या पुढे नेली. १९६३ मध्ये फिलिप्सने आणलेली कॅसेट १९८० च्या दशकात भारतातील सामान्य घरांत पोहोचली. १९८२ मध्ये सीडी आली. आता वर्गणी भरून लाखो गाणी ऐकता येतात, मात्र वर्गणी थांबताच तो हक्कही संपतो. कॅसेट घरातच राहते, परंतु तिची चुंबकीय फीत कालांतराने खराब होते. म्हणूनच इतरत्र न मिळणारे ध्वनिमुद्रण वेळीच डिजिटल स्वरूपात जतन करणे आवश्यक आहे.