पायथन भाषेतील ग्लोबल इंटरप्रिटर लॉक : रचनेचा एक निर्णय आणि त्याची किंमत

बीजशब्द : पायथन, संदर्भगणना, थ्रेड, ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, कार्यक्षमता

प्रस्तावना

गिदो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत पायथन भाषेच्या निर्मितीस आरंभ केला आणि १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. वाचण्यास सोपी व शिकण्यास सुलभ असल्यामुळे ही भाषा विज्ञान, वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रे अशा सर्वच विद्याशाखांत पोहोचली आहे. तथापि तिच्यावर एक आक्षेप सातत्याने घेतला गेला. संगणकात आठ किंवा सोळा कोअर असले, तरी पायथनचा बहुथ्रेडी प्रोग्राम स्वतःच्या आज्ञा एका वेळी एकाच कोअरवर चालवितो. या मर्यादेच्या मुळाशी ‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’ म्हणजेच जीआयएल ही व्यवस्था आहे. ती का स्वीकारली गेली, तीन दशके का टिकली आणि ती दूर करण्याचा निर्णय कोणत्या अटींवर झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संदर्भगणना आणि कुलपाची गरज

पायथनमधील प्रत्येक वस्तूसोबत एक आकडा साठविलेला असतो. त्या वस्तूचा निर्देश प्रोग्राममध्ये किती ठिकाणांहून होत आहे, हे तो आकडा सांगतो. नवा निर्देश निर्माण झाला की आकडा एकने वाढतो, निर्देश संपला की एकने घटतो आणि शून्य होताच त्या वस्तूने व्यापलेली मेमरी मोकळी केली जाते. या पद्धतीस संदर्भगणना असे म्हणतात.

एकच थ्रेड चालू असताना ही पद्धत निर्धोक असते. दोन थ्रेड एकाच वेळी चालू लागले की अडचण उद्भवते. महाविद्यालयाच्या कार्यालयात दोन लिपिक एकाच नोंदवहीतील एकाच आकड्यात भर घालीत आहेत, अशी कल्पना करावी. नोंदवहीत २ हा आकडा आहे. दोघेही तो वाचतात, दोघेही मनात एक मिळवितात आणि दोघेही ३ असे लिहितात. वास्तविक तेथे ४ असावयास हवे. संदर्भगणनेत अशी चूक झाली, तर वापरात असलेली वस्तूच नष्ट केली जाते आणि प्रोग्राम कोसळतो.

यावरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे संपूर्ण कार्यालयास एकच किल्ली ठेवणे. ज्याच्या हाती किल्ली असेल त्यानेच काम करावे आणि ठरावीक वेळाने ती दुसऱ्याच्या हाती द्यावी. १९९२ मध्ये पायथनमध्ये थ्रेडची सोय झाली, तेव्हा हाच मार्ग अवलंबिला गेला. २०११ मधील ३.२ या आवृत्तीपासून किल्ली सोडण्याची विनंती करण्याचा कालावधी सर्वसाधारणपणे ५ मिलिसेकंद असा निश्चित करण्यात आला.

निर्णयाचे लाभ

या निर्णयाचे तीन लाभ झाले. पहिला म्हणजे, एकच कुलूप सांभाळावयाचे असल्याने एका थ्रेडवर चालणारे प्रोग्राम वेगवान राहिले. दुसरा म्हणजे, सी भाषेत लिहिलेली ग्रंथालये पायथनला जोडणे सुकर झाले. नमपायसारख्या ग्रंथालयांच्या बळावरच वैज्ञानिक गणनात पायथनचा प्रसार झाला. तिसरा म्हणजे, इंटरप्रिटरची अंतर्रचना स्वयंसेवी प्रोग्रामरांना समजेल इतकी साधी राहिली.

मर्यादेवर मार्गही काढण्यात आले. फाइल वाचताना किंवा नेटवर्कवरून माहिती येण्याची वाट पाहताना थ्रेड किल्ली सोडून देतो. त्यामुळे अशा कामांत कुलपाचा अडसर फारसा जाणवत नाही. जड गणितासाठी २००८ मधील २.६ या आवृत्तीत मल्टिप्रोसेसिंग हे मोड्यूल आले. त्यात प्रत्येक प्रक्रियेस स्वतंत्र इंटरप्रिटर मिळतो, परंतु माहितीची देवाणघेवाण खर्चिक होते.

कुलूप काढण्याचे प्रयत्न

नव्वदच्या दशकातच ग्रेग स्टाइन यांनी हे कुलूप काढून दाखविले होते. परंतु त्यामुळे एका थ्रेडवर चालणारे सर्वसामान्य प्रोग्राम लक्षणीयरीत्या मंदावले आणि तो प्रयत्न मागे पडला. २००७ मध्ये व्हान रॉसम यांनी आपली भूमिका स्पष्ट केली. एका थ्रेडच्या प्रोग्रामचा वेग घटणार नसेल, तरच असा बदल स्वागतार्ह ठरेल, असा तिचा आशय होता. २०१६ मध्ये लॅरी हेस्टिंग्ज यांनी हाती घेतलेला ‘गिलेक्टमी’ हा प्रकल्पही याच अटीपाशी अडला.

ही अट वरकरणी तांत्रिक वाटते. वस्तुतः ती न्यायाची आहे. बहुसंख्य प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालतात. मोजक्या वापरकर्त्यांच्या लाभासाठी उरलेल्या सर्वांनी वेगाची किंमत का मोजावी, हा प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात अनेक कोअरचा एकत्र वापर अपरिहार्य होऊ लागला, तेव्हा हे पारडे हळूहळू झुकू लागले.

नवी रचना

मेटा या कंपनीतील अभियंता सॅम ग्रॉस यांनी २०२१ मध्ये नवी रचना मांडली. तीत प्रत्येक वस्तूस एक ‘मालक’ थ्रेड असतो. मालकाने केलेल्या नोंदी एका साध्या व जलद आकड्यात होतात, तर इतर थ्रेडच्या नोंदी दुसऱ्या, संरक्षित आकड्यात होतात. बहुतेक वस्तूंचा वापर त्यांना निर्माण करणारा थ्रेडच करीत असल्याने खर्चिक मार्ग क्वचितच वापरावा लागतो. याखेरीज ‘नन’, ‘ट्रू’ यांसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या वस्तूंची गणनाच केली जात नाही आणि याद्या व शब्दकोश यांना स्वतंत्र लहान कुलपे दिली जातात.

हा प्रस्ताव ‘पेप ७०३’ या क्रमांकाने ओळखला जातो. पायथनच्या पाच सदस्यीय सुकाणू समितीने तो ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वीकारला. बदल टप्प्याटप्प्याने व्हावा आणि तो हानिकारक ठरल्यास मागे घेता यावा, असे समितीने स्पष्ट केले. आवृत्ती २ कडून ३ कडे जाताना समुदायाने दीर्घकाळ सोसलेल्या त्रासाची पुनरावृत्ती टाळणे हा त्यामागील हेतू होता.

ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत कुलूपरहित पर्याय प्रायोगिक स्वरूपात आला. त्यात एका थ्रेडचे काम सुमारे ४० टक्क्यांनी महागले; कारण ३.११ पासून वेग वाढविणारी स्वयं-अनुकूलनाची सोय त्यात बंद ठेवावी लागली होती. ऑक्टोबर २०२५ मधील ३.१४ मध्ये ती सोय पूर्ववत झाली आणि हा भार सुमारे ५ ते १० टक्क्यांवर आला. या आवृत्तीत सदर पर्यायास अधिकृत पाठबळ मिळाले. तथापि मूळ स्थापनेत जीआयएल कायम ठेवण्यात आला.

अध्यापनाच्या दृष्टीने

जीआयएल असल्यामुळे थ्रेडमधील चुका होतच नाहीत, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. तो चुकीचा आहे. हे कुलूप इंटरप्रिटरच्या अंतर्गत रचनेचे रक्षण करते, प्रोग्रामरच्या माहितीचे नव्हे. एखाद्या सामायिक आकड्यात एक मिळविणे ही वाचणे, मिळविणे व लिहिणे अशी अनेक पायऱ्यांची क्रिया असून तिच्या मध्येच किल्ली दुसऱ्या थ्रेडकडे जाऊ शकते. कुलूपरहित पायथनमध्ये अशा सुप्त चुका अधिक वेळा उघड होण्याचा संभव आहे. म्हणून सामायिक माहितीसाठी स्वतंत्र कुलूप वापरण्याची शिस्त प्रारंभापासूनच शिकविणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

जीआयएलचा इतिहास पाहता असे दिसते, की रचनेचा निर्णय त्या काळच्या परिस्थितीच्या संदर्भातच योग्य किंवा अयोग्य ठरतो. एका कोअरच्या युगात उपकारक ठरलेले कुलूप अनेक कोअरच्या युगात अडसर बनले. मात्र ते काढताना पायथनच्या प्रोग्रामरांनी केवळ कमाल वेगाचा विचार केला नाही. त्या वेगाची किंमत कोणावर पडते, हेही मोजून पाहिले. संगणकशास्त्राच्या अध्यापनात कार्यक्षमतेची चर्चा करताना हा दुसरा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे.