लवंग कुठवर पोहोचते?

मध्यरात्री दाढ ठणकायला लागली की पहिला हात जातो मिसळणाच्या डब्याकडे. लवंग दाढेखाली धरायची, नाहीतर तिच्या तेलाचा बोळा ठेवायचा. थोड्या वेळाने ठणका उतरतो. ही करामत युजेनॉलची. लवंगेच्या तेलात त्याचाच भरणा सर्वाधिक असतो. ते जागा बधिर करते आणि काही जंतूंनाही मारते. दंतवैद्य हेच युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दात तात्पुरता भरतात. दवाखान्यात शिरताच येणारा तो ओळखीचा वास बऱ्याचदा त्याचाच.

मग नुसत्या लवंगेने दाढ बरी का होत नाही?

अडचण आहे ती जागेची. कीड वरचे कवच पोखरून गाभ्यात उतरली की आतली नस सडू लागते. मुळांमधल्या वाटा अरुंद आणि वाकड्यातिकड्या. त्यांच्या भिंतींत पुन्हा एक-दोन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य नलिका. जंतू तिथे दडून बसतात. नस मेली की तिथला रक्तपुरवठाही तुटतो, त्यामुळे पोटात घेतलेली प्रतिजैविकाची गोळीसुद्धा तिथवर पोचत नाही. कधी ठणका आपोआप थांबतो आणि माणूस निर्धास्त होतो; खरे तर तेव्हा नस मेलेली असते आणि मुळाच्या टोकाशी पू साठू लागलेला असतो. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेनासे झाले, तर त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा.

पूर्वी मात्र दाढ दुखते ती आतल्या किड्यामुळे, ही समजूत जगभर होती. त्यावर उपाय म्हणून आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देत, युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी 1728 सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले, की सूक्ष्मदर्शकातून पाहूनही त्यांना असा किडा आढळला नाही.

आज रूट कॅनाल करताना, म्हणजे मुळांमधल्या वाटा साफ करून भरताना, त्या धुतात सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे कपडे पांढरे करणाऱ्या ब्लीचच्याच रसायनाने. ते जंतू मारते आणि मेलेली नस विरघळवते. मात्र चुकून मुळाच्या टोकाबाहेर गेले, तर ऊती भाजतात. त्यामुळे सौम्य पर्यायाच्या शोधात संशोधकांनी कडुनिंब, नोनी, ग्रीन टी आणि त्रिफळा तपासून पाहिले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, काढलेल्या दातांवर एंटेरोकोकस फीकॅलिस या चिवट जंतूचा थर वाढवला होता. तीन आठवड्यांचा थर त्रिफळ्याने पूर्ण साफ केला. सहा आठवड्यांच्या जुन्या थरापुढे मात्र तो कमी पडला आणि पाच टक्के हायपोक्लोराइटच पुरून उरले. शिवाय हा निकाल प्रयोगशाळेतल्या दातांवरचा होता, रुग्णाच्या तोंडातला नव्हे. घरी त्रिफळ्याच्या काढ्याने चूळ भरली, तर तो काढा दाताच्या मुळांमध्ये उतरतच नाही.

तरीही दाताच्या मुळात एका झाडाला केव्हाच कायमची जागा मिळाली आहे. साफ केलेली पोकळी ज्या गुलाबी काडीने भरतात, त्या गट्टा पर्चाचा चीक मलाय प्रदेशातल्या झाडांचा. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल याच चिकाने मढवत. आजच्या काडीत झिंक ऑक्साइडच जास्त असते, पण तिला लवचीकपणा येतो तो या चिकाने. पुढे कधी तीच दाढ पुन्हा उघडायची वेळ आली, तर ही काडी मऊ करायला काही दंतवैद्य संत्र्याच्या सालीचे नाहीतर निलगिरीचे तेल वापरतात.