उधारीचा रकाना

डोलवीत, धरमतर खाडीच्या अंगाला, आम्ही कुंपणभिंतीचं काम घेतलं तेव्हा हिशेब माझ्याकडे आला. अंदाजपत्रक 11 लाख 40 हजारांचं, जमीन खारी, आणि पाया पावसाआधी वर आलाच पाहिजे.

पहिले दोन महिने मी लाल वहीत रोजमेळ लिहिला. रोज संध्याकाळी शिल्लक जुळायची, म्हणून निर्धास्त होते. मग एकाच आठवड्यात खडी, सिमेंट आणि सळईची बिलं आली आणि 1 लाख 60 हजार कमी पडले. उधळपट्टी कुठेच नव्हती. माल महिन्यापूर्वीच उतरून भिंतीत गेला होता. रोजमेळात दिलेली रोख दिसते, उधारी दिसत नाही.

पेणला आमच्या हिशेबनिसाकडे टॅली आहे. त्यात कामागणिक कॉस्ट सेंटर काढता येतं, जीएसटीचा हिशेबही होतो. पण आमची नोंद त्यात पडायची बिल पोचल्यावर. मोबाइलचं ॲप आठ दिवस वापरलं. सिमेंटचे हात धुऊन इंग्रजी रकाने भरायला मुकादमाला सवड नसे. शेवटी एक्सेलचा साधा तक्ता केला: बाब, अंदाज, मागवलेलं, दिलेलं, उरलेलं. उरलेलं काढायचं ते अंदाजातून मागवलेलं वजा करून. माझ्या मते सगळा जीव त्या वजाबाकीत आहे.

मुकादम चलानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, "वहिनी, खडीची गाडी उतरली." एकदा चलानावर अडीच ब्रास होते. मी म्हटलं, पुढची गाडी रिकामी करण्याआधी टेप लावा. 12 फूट लांब, 7 रुंद, माल अडीच फूट उंच: 210 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे 2.1. तेव्हापासून तक्त्यात चलानाचा आकडा नाही, टेपचा जातो.

येणाऱ्या पैशालाही असाच रकाना लागला. 3 लाखांच्या आरए, म्हणजे चालू कामाच्या बिलातून, जीएसटी सोडून, 1 टक्का टीडीएस आणि राखून ठेवलेलं 5 टक्के रिटेन्शन गेलं की हातात 2 लाख 82 हजार. पूर्वी मी 3 लाख धरून मजुरांचा पगार ठरवायची.

काल सळईच्या ओळीत 22 हजार उरले होते आणि शेवटचे सहा खांब बाकी. मुकादमाला फोन केला, "नवीन सळई सांगू नका. आधी शेडमागचे तुकडे लांबीप्रमाणे लावून मोजा."