धान्यातील किडा धुरीस का जुमानीनासा झाला?

भुसार मालाच्या धंद्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस सोंडा, पिठातील तांबडा भुंगेरा, दाणा पोखरणारा भुंगेरा आणि खपरा या चौघांची ओळख करून देण्याचे कारण नाही. थप्पीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी साचू लागली, पोत्यात हात घातला असता ऊब लागली, की अनुभवी व्यापारी काय ते समजतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. तथापि या किड्यांच्या पेशींत डोकावून शास्त्रज्ञांनी अलीकडे जे शोधून काढले, ते जाणकारांस विचारून आम्ही समजून घेतले. त्याचा आपल्या धंद्याशी व आपल्या आचरणाशीही निकटचा संबंध आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

प्रथम आमच्याच वखारीतील गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी गव्हाच्या थप्पीस कीड लागली म्हणून आम्ही धुरी देवविली. धुरी देणाऱ्यांनी सात दिवस ताडपत्री न उघडण्याविषयी बजाविले होते. पण चौथ्याच दिवशी गिऱ्हाइकाची मालमोटार दारात उभी राहिली आणि आम्ही ताडपत्री काढली. तिच्या कडाही एका बाजूस नीट दाबलेल्या नव्हत्या, हे तेव्हा दिसले. खाली मेलेल्या किड्यांचा सडा पाहून आम्हांस समाधान वाटले. दीड महिन्याने उरलेल्या मालात किडे पुन्हा वळवळू लागले. आम्ही गोळ्या भेसळीच्या म्हणून दोष दिला व पुन्हा धुरी देवविली. गोळ्या अस्सल होत्या, दोष आमच्या घाईचा होता, हे पुष्कळ उशिरा कळले.

या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील दमटपणा लागला की त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. किडा श्वासाबरोबर तो आत घेतो. शरीरात गेल्यावर हा वायू जेथे घाव घालतो ते स्थान म्हणजे तंतुकणिका. प्रत्येक पेशीत असे सूक्ष्म कण असतात. अन्नरस व प्राणवायू यांच्या साहाय्याने जीवनास लागणारी शक्ती तेथे निर्माण होते. पेशीची ती चूलच म्हणावी. फॉस्फिन त्या चुलीचा कारभार बिघडवितो. माणसाच्या पेशींतही हीच चूल असल्यामुळे हा वायू माणसासही तितकाच घातक आहे.

या तंतुकणिकेची एक मौज आहे. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या रूपाने जी आनुवंशिक माहिती असते, तिच्याहून निराळी अशी थोडी माहिती तंतुकणिका स्वतःजवळ बाळगते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पेढीवर मुख्य खातेवही असते आणि वखारीत एक लहानशी वही असते, तसा हा प्रकार आहे. वखारीची वही केवळ आईकडून अपत्यास मिळते. पेढीच्या खातेवहीत मात्र प्रत्येक बाबीच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. लहान वहीत अवघी सदतीस जनुके असतात. चुलीस लागणारे बाकीचे बहुतेक सर्व भाग केंद्रकातील मोठ्या खातेवहीवरून घडविले जातात.

लहान वहीचा उपयोग किड्यांची जात ओळखण्यास फार होतो. तांदळातील सोंडा व मक्यातील सोंडा डोळ्यांना सारखेच दिसतात. पण तंतुकणिकेतील एका जनुकाचा तुकडा वाचला की दोघांतील भेद निश्चित होतो. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ साली ही पद्धती सर्व प्राण्यांसाठी पुढे मांडली. परदेशी बंदरावर धान्यात खपरा सापडला तर माल अडतो. त्याच्या नुसत्या अळीवरून वा कातीवरून तो खपराच की त्याचा एखादा निरुपद्रवी भाऊबंद, हे ठरविण्यास अशा परीक्षेची मदत होते.

आता मुख्य मुद्दा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७२-७३ साली जगभर जी पाहणी केली, तीतच सुमारे दहा टक्के नमुन्यांत फॉस्फिनला दाद न देणारे किडे आढळले होते. पुढे हे प्रमाण वाढत गेले. यामागील कारण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या डेव्हिड श्लिपालियस, पॉल एबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली उघड केले. तंतुकणिकेत काम करणारे एक विकर आहे, त्याचे नाव डायहायड्रोलिपोअमाइड डीहायड्रोजिनेज. नाव लांबलचक असले तरी चुलीतील एक महत्त्वाचा कारागीर एवढे ध्यानात ठेविले तरी पुरे. या कारागिराच्या घडणीत किंचित फरक पडला की फॉस्फिनचा घाव त्या किड्यास पूर्वीसारखा लागत नाही. आणखी एका निराळ्या जनुकातील फरक याच्या जोडीस आला, तर दाणा पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची सहनशक्ती दोनशे पटींहून अधिक वाढते.

हा कारागीर काम करतो तंतुकणिकेत, परंतु त्याची नोंद आहे मोठ्या खातेवहीत, अर्थात दोन प्रतींत. आमच्या घाईचे पाप येथेच उघडे पडते. दोहोंपैकी एकच प्रत बदललेली असेल, तर पुरेसा वायू पुरेसे दिवस मिळाल्यास तो किडा मरतो. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच तो खरा चिवट. प्रारंभी असे दुहेरी किडे अत्यंत विरळा असतात, एकेरीच काय ते थोडे अधिक. धुरी पक्की दिली तर एकेरी संपतात व वंश तेथेच खुंटतो. धुरी गळकी वा अपुऱ्या दिवसांची झाली, तर साधे किडे मरतात, एकेरी तेवढे उरतात. मग त्यांचाच आपसांत संयोग होऊन सरासरीने चार पिलांत एक दुहेरी निपजते. चवथ्या दिवशी ताडपत्री काढून आम्ही नेमके हेच साधले होते!

हा चिवटपणा परदेशच्या मालाबरोबर आला असेल, असेही कोणी म्हणेल. २०१५ साली भारतीय व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी भारतातील किड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. तीत तांबडा भुंगेरा व दाणा पोखरणारा भुंगेरा या दोहोंतही त्या विकराचा असा एक बदललेला प्रकार सर्रास आढळला, जो इतरत्र कोणत्याही केंद्रकयुक्त जीवात तोवर दिसला नव्हता. म्हणजे हे रोप आपल्याच वखारींतून रुजले व वाढले, असे मानणे प्राप्त आहे.

यास दुसरा उपाय हाताशी आहे असेही नाही. ओझोनच्या थराच्या रक्षणार्थ झालेल्या माँट्रियल करारान्वये मिथाइल ब्रोमाइडचा वापर, आयात-निर्यातीच्या मालाची धुरी यांसारखे अपवाद वगळता, बंद झाला आहे. तेव्हा फॉस्फिन निकामी होऊ न देणे हे आपल्याच हिताचे. धुरी अधिकृत व प्रशिक्षित माणसांकडूनच द्यावी. कायदाही हेच सांगतो. ताडपत्रीस छिद्र नसावे, कडा वाळूच्या नळ्यांनी चहूबाजूंनी दाबाव्यात आणि सांगितलेले दिवस पुरे होईतो ती उघडू नये. अंडी व कोष वायूस अधिक काळ दाद देत नाहीत. वर मेलेले किडे दिसले म्हणून आतील अंडी मेली, असे समजू नये. दुकानावर वा वखारीलगत ज्यांची बिऱ्हाडे आहेत, त्यांनी तर धुरीच्या दिवसांत तेथे मुळीच निजू नये.

धुरीची वेळच न येऊ देणे हे त्याहून बरे. माल चांगला वाळवून भरावा. ओलावा दहा टक्क्यांच्या आत असला तर सोंड्यांची वाढ खुंटते. खपरा मात्र कोरड्यातही टिकतो, म्हणून भिंतींच्या भेगा बुजवाव्या, रिकामी पोती झाडून उन्हात टाकावी, जुन्या मालाशेजारी नवा माल लावू नये.

शेवटी एक विचार. गृहस्थाच्या धंद्यात जी उद्योगी हिंसा घडते, ती सर्वस्वी टळत नाही, हे आपण जाणतो. परंतु यत्नाचाराने ती कमी करणे आपल्या हाती आहे. निष्काळजीपणे दिलेली एक धुरी पुढच्या दहा धुऱ्यांस जन्म देते आणि दर वेळी जीवहानी वाढतच जाते. वखार झाडण्यात, धान्य वाळविण्यात व सात दिवस धीर धरण्यात व्यवहारही सुरक्षित राहतो आणि हिंसाही घटते. गिऱ्हाइकाची मालमोटार तीन दिवस थांबू शकते. त्या दिवशी आम्ही ती थांबविली नाही, याची रुखरुख आम्हांस अद्याप आहे. सभासद बंधूंनी ती आपल्या वाट्यास येऊ देऊ नये, एवढीच विनंती.