माणूसच घोडा: खेळायचं ठरलंच तर

प्रौढांच्या या खेळात एक जण घोडा होतो, दुसरा त्याला चालवतो. दोघंही १८च्या पुढचे आणि राजीखुशीने तयार, हे गृहीतच.

बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या फ्लॅटमध्ये आधी फरशी बघा. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतो, रांगताना गुडघे सोलवटतात. जाड रबरी मॅट आणि व्हॉलीबॉलवाले घालतात ते नी-पॅड घ्या. दुडकी चाल रात्री उशिरा नको, खालचं बिऱ्हाड वर येईल. पहिल्या दिवशी साज-सामान कशाला? चालणं, वळणं, थांबणं एवढं पुरे. लगाम छातीच्या पट्ट्याला बांधा, गळ्याला कधीच नाही. पाठीवर बसू नका. कंबर धरली की हौस फिटते. तोंडात लगामाची दांडी असेल तर ‘थांब’ म्हणता येत नाही. म्हणून घोड्याच्या हातात घुंगरू द्या: ते पडलं की खेळ तिथेच बंद.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७चा निकाल बंगळूरचेच निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा. तरी पडदे ओढा, आणि फोटो दोघांच्या होकाराशिवाय नको.